घरात सीलनचा वास येतोय? ओल नेमकी कुठून येते, हे असं शोधा

पांढुर्णा : पोळा झाला, गोटमार आटोपली, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि मग घरातलं कोणीतरी हळूच सांगतं, की वरूडहून आलेली आत्या विचारत होती, "मधल्या खोलीत कायचा वास येऊन राह्यला वं?" घरच्यांना मात्र काहीच जाणवलेलं नसतं. त्यात त्यांचा दोष नाही. एकच वास सतत येत राहिला की नाक काही मिनिटांतच त्याची दखल घेणं बंद करतं. म्हणून ओलीचा वास घरातल्यांच्या आधी पाहुण्याला कळतो, आणि पाहुणा बहुतेक वेळा संकोचाने गप्प बसतो.

या वासाला पांढुर्णा-सौंसरकडे सरळ 'सीलन' म्हणतात. काटोल-नरखेडला 'ओल आली' म्हणतात, तर पुण्या-मुंबईकडे 'कुबट वास'. शब्द कोणताही असो, पुढे घडतं तेच. दिवाळीच्या तोंडावर रंगवाला बोलावला जातो, भिंत खरवडून पुट्टी मारली जाते, वरून महागडा 'वॉटरप्रूफ' रंग लागतो आणि पुढच्या झडीत तोच डाग त्याच जागी उमटतो. पैसे गेले, वास राहिला.

याचं कारण रंगात कमी आणि कॅलेंडरमध्ये जास्त आहे. पोळा श्रावणी अमावास्येला, लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला. मध्ये सापडतात दोन महिने. भिजलेली वीटभिंत वाळण्याचा बांधकामातला ढोबळ हिशेब मात्र असा, की जाडीच्या एका इंचाला साधारण एक महिना. 9 इंची भिंत दोन्ही बाजूंनी मोकळी असली, तरी पूर्ण वाळायला चार-पाच महिने घेते, आणि तेही पाणी येणं आधी थांबलं असेल तर. म्हणजे पोळ्याला भिजलेली भिंत दिवाळीला वरून कोरडी दिसते, आत ओलीच असते. तिच्यावर रंग चढवणं म्हणजे ओल्या अंगावर नवे कपडे घालणं. उलट ओलीचा माग काढायला हाच काळ सगळ्यात चांगला, कारण पुरावा भिंतीवर ताजा असतो. जानेवारीत सगळं सुकल्यावर मिस्त्रीला दाखवायला काहीच उरत नाही.

आधी वास ओळखायचा

प्रत्येक वाईट वास ओलीचा नसतो. मेलेल्या उंदराचा वास दोन-तीन दिवसांत भयंकर वाढतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप ओसरतो. ओलीचा वास तसा वाढत-उतरत नाही. तो चिकटून बसतो, झड लागली की गडद होतो आणि कडक ऊन पडलं की फिका.

सडक्या अंड्यासारखा वास आला तर तो नालीचा. न्हाणीच्या फरशीत जी जाळी असते, तिच्याखाली वाकडा भाग असतो आणि त्यात थोडं पाणी कायम साचून राहतं. ते पाणीच नालीतला वायू अडवतं. या भागाला देशभरचे प्लंबर 'नहानी ट्रॅप' म्हणतात, म्हणजे आपली न्हाणीच तिथे जाऊन बसली आहे. पाहुण्यांसाठी राखलेली, महिनोन्‌महिने न वापरलेली न्हाणी असली की हे पाणी उडून जातं आणि घरभर वास सुटतो. इलाज एक तांब्या पाण्याचा आहे. यासाठी फरशी फोडलेली घरं कमी नाहीत.

खरा ओलीचा वास दोन प्रकारचा. एक मातकट, पहिल्या पावसाच्या वासाशी नातं सांगणारा. मातीतले काही जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात. बीटाला जी मातीची चव असते तीही याचीच. माणसाचं नाक या द्रव्याबाबत इतकं तिखट, की हवेत अब्जात काही अंश नव्हे, त्याच्याही हजारपट कमी असलं तरी कळतं. मृगाच्या सरीत हाच वास सुखाचा वाटतो, कपाटात आला की नको होतो. दुसरा वास कुबट, जुन्या वह्या-गोधड्यांसारखा, तो बुरशीचा. मातकट वास बहुतेक मातीच्या किंवा जुन्या विटांच्या भिंतीतून, जमिनीलगत येतो. कुबट वास कपडे, गादी, लाकूड, प्लायवुड आणि रंगाच्या थरामागून. शोध कुठे सुरू करायचा, हे यावरून ठरवता येतं.

नाक वापरायची पद्धत

रात्री प्रत्येक खोलीचं दार-खिडकी वेगळी बंद करून ठेवायची. अगरबत्ती, धूप, कापूर, डांबरगोळ्या, फिनाईल सगळं दोन दिवस बंद. सकाळी घरातल्या एकाने आधी बाहेर मोकळ्या हवेत पंधरा-वीस मिनिटं फिरून यायचं आणि मग एकेक खोली उघडून पहिल्या दोन-तीन श्वासांत काय जाणवतं ते सांगायचं. त्यानंतर नाकावर विसंबू नये. पुढची खोली पुन्हा बाहेर जाऊन आल्यावर.

खोली सापडली की वस्तू आणि भिंत वेगळ्या करायच्या. संशय असलेली उशी, रजई, चपला, जुन्या पिशव्या एकेका प्लास्टिकच्या थैलीत घट्ट बांधून दिवसभर ठेवायच्या आणि संध्याकाळी थैली उघडून वास घ्यायचा. पुष्कळदा भानगड इथेच संपते. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या दिवाणाच्या पेटीत मागच्या थंडीतल्या रजया असतात. लोखंडी कपाटात अर्धवट वाळलेले कपडे घडी करून ठेवलेले असतात. फ्रिजच्या मागे खाली पाणी साचायचा एक ट्रे असतो, तो आहे हेच अनेक घरांना माहीत नसतं. धुण्याच्या मशीनच्या दाराचं रबर, पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राची बारीक नळी, माठाच्या तिवईमागची भिंत. माठ झिरपतोच, तो त्याचा धर्म आहे. पण वर्षभर एकाच कोपऱ्यात ठेवलेला माठ त्या कोपऱ्याचं जोतं कधी वाळू देत नाही.

पांढुर्णा-सौंसर भागात घरातच शेतमाल साठवतात, हेही लक्षात ठेवावं. कापूस हवेतली ओल ओढून घेतो. भारतीय कापूस महामंडळ खरेदीत 8 टक्के ओल प्रमाण मानतं आणि 12 टक्क्यांवर माल घेत नाही, त्यामुळे ओल्या भिंतीला लागून रचलेल्या गंजीचं नुकसान थेट भावात होतं. मका आणि भुईमुगाचं तर त्याहून वाईट. ओलीत त्यावर वाढणाऱ्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करतात. दाण्याला कुबट वास आला तर ऊन दाखवून तो खाण्याजोगा होत नाही.

ओल कधी वाढते, हे लिहून ठेवायचं

वस्तू बाहेर काढूनही वास राहिला तर तो भिंतीचा, छताचा किंवा जमिनीचा. इथे मिस्त्रीला लगेच बोलावण्याआधी आठ-दहा दिवस एक साधं काम करावं. ओलीच्या डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढायची आणि शेजारी तारीख टाकायची. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज तीन गोष्टी : पाऊस पडला का, नगरपालिकेचा नळ आला का, न्हाणी किती वापरली. डाग रेघेच्या बाहेर कोणत्या दिवशी गेला, यावरून पाण्याची वाट बहुतेक कळते.

पाऊस पडल्यावर काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी डाग वाढला, तर पाणी वरून किंवा बाहेरच्या भिंतीतून. मे महिन्यातही तो तितकाच ओला होता असं घरच्यांना आठवत असेल, तर पावसाचा संबंध नाही, नळाचा पाइप किंवा न्हाणी बघावी. नळाच्या दिवशीच वाढत असेल तर नळाची जोडणीच फुटलेली. आणि झड लागल्यावर डाग एका जागी न उमटता कपाटामागे, कोपऱ्यात, खिडकीच्या काचेवर सगळीकडेच ओलसरपणा आला, तर पाणी भिंतीतून येतच नाही, ते घरातल्या हवेतलं आहे.

शंका राहिली तर प्लास्टिकची परीक्षा. हात-दीड हात लांबी-रुंदीचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर लावून चारही कडा चिकटपट्टीने बंद करायच्या. दोन दिवसांनी भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले, तर ओल भिंतीच्या आत. खोलीकडची बाजू दमट आणि आतली कोरडी, तर ओल हवेतली. दहा रुपयांत होणारी ही परीक्षा हजारोंची केमिकल ट्रीटमेंट वाचवते.

पुढे कवेलू, मागे स्लॅब

पांढुर्ण्यातलं, सावरगावातलं किंवा सौंसरच्या जुन्या वस्तीतलं नेहमीचं घर डोळ्यांसमोर आणलं तर ते एका वेळी बांधलेलं नसतं. पुढे आजोबांच्या वेळचा माती-विटांचा भाग आणि कवेलू, मागे वडिलांनी टाकलेला स्लॅब, आणि दोन्हींच्या मध्ये नंतर बसवलेली न्हाणी-संडास. ओलीचा वास येतो तो जास्त करून या मधल्या सांध्यातून. दोन बांधकामं वेगवेगळी खचतात, सांध्याला भेग पडते, आणि कवेलूचं पाणी नेमकं तिथेच उतरतं.

काळी माती हे काम सोपं करते. कापसाची ही जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा उथळ पाया वर्षातून दोनदा हलतो. भिंतीला तिरपी भेग जाते, जमिनीतला पाइप सांध्यातून निसटतो. उन्हाळ्यात बुजवलेली भेग पावसात मिटल्यासारखी दिसते आणि पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा उघडते. अशा हलत्या भेगेत कडक सिमेंट भरून उपयोग नाही, ते परत सुटतं. तिथे लवचीक भरण लागतं.

कवेलूच्या भागात गळतीचं पहिलं कारण वानरं. एक उडी पडली की चार कवेलू सरकतात. मृगाआधी शाकारणी केली असली तरी पोळ्यापर्यंत किती उड्या झाल्या याचा हिशेब नसतो. दुपारी आत अंधार करून वर पाहावं, जिथून उजेडाची तिरीप येते तिथून पाणीही येतं. पण ते नेहमी तिथेच पडत नाही. लाकडी फाट्यावरून वाहत जाऊन भिंतीत उतरतं, आणि डाग वेगळ्याच कोपऱ्यात दिसतो.

स्लॅबचंही तसंच. छतावरच्या भेगेतून शिरलेलं पाणी आत टाकलेल्या विजेच्या नळीतून कितीतरी फूट चालत जातं आणि पंख्याच्या हुकापाशी टपकतं. पंख्यावरची जागा फोडून काही मिळत नाही. वर जाऊन आधी पाहावं ते पन्हाळाचं तोंड पालापाचोळ्याने बुजलंय का, आणि स्लॅब-पॅरापेटच्या सांध्यात मिस्त्रीने काढलेला गोल वाटा सुटलाय का. गळतीच्या मोठ्या भागाचा उगम या दोन जागांत असतो. पाऊस थांबल्यावर खात्री करायची तर पन्हाळ बंद करून छतावर इंच-दोन इंच पाणी 24 तास साठवून खाली लक्ष ठेवतात. स्लॅब जुना, सळ्या दिसणारा असेल तर हा प्रयोग करू नये, पाण्याचा भार कमी नसतो.

मधली न्हाणी तपासायला निळीसारखी स्वस्त वस्तू नाही. फ्लशच्या टाकीत नीळ टाकायची. न वापरता भांड्यात निळं पाणी उतरलं तर टाकी गळते. मग जाळीत कापडाचा बोळा घट्ट बसवून फरशीवर निळीचं पाणी काही तास साठवायचं. पलीकडच्या भिंतीला निळसर छटा आली तर फरशीचे सांधे गेले. नळाच्या पाइपसाठी रात्री सगळे नळ बंद करून वरच्या टाकीत काठी बुडवून पातळीची खूण करायची आणि सकाळी परत मोजायचं. पातळी उतरली तर पाणी कुठेतरी भिंतीत जातंय.

एकाला लागून एक घरं असलेल्या गल्लीत शोध शेजाऱ्याच्या दारापर्यंत जातो. "काकाजी, तुमच्या मोरीचं पानी आमच्या भितीत येऊन राह्यलं," असं म्हणण्याआधी हा निळीचा प्रयोग त्यांच्याच संमतीने त्यांच्या मोरीत करावा. कितीदा तरी दोष आपल्याच घरातल्या पाइपचा निघतो, आणि बोललेला शब्द परत घेता येत नाही.

खालून चढणारी ओल

जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सलग पट्टा, वर वेडीवाकडी कड, पांढरा लोणा आणि सुटणारे पोपडे : ही जमिनीतून चढणारी ओल. विटा आणि माती दिव्याच्या वातीसारखं पाणी वर ओढतात. पाणी उडून जातं, त्यातले क्षार मागे राहतात, तोच लोणा. दगडी जोत्यावरच्या जुन्या घरांना हा त्रास कमी असायचा. आता तो वाढला, कारण सिमेंटचा रस्ता जुन्या थरावर नवा थर असा दरवेळी चढतो आणि घराचं जोतं रस्त्याखाली जातं. एकेकाळी तीन पायऱ्या चढून ज्या घरात जायचे, तिथे आज एक पायरी उतरून जावं लागतं. नालीचं पाणी मग भिंतीच्या पोटाशी येतं.

इथे सर्वांत घातक उपाय म्हणजे मातीच्या भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा किंवा टाइल्स. पाणी थांबत नाही, त्याला बाहेर पडायची वाट तेवढी बंद होते, आणि दोन फुटांवरची ओल चार फुटांवर जाते. आधी बाहेरून भिंतीलगतची माती उतरवावी, अंगणाचा उतार घरापासून दूर काढावा, नालीची भेग बुजवावी. भिंतीला मातीचा किंवा चुन्याचा गिलावा राहू द्यावा, तो श्वास घेतो. लोणा कोरड्या ब्रशने झाडून उचलायचा, धुवायचा नाही. धुतला की क्षार परत आत जातो.

कूलर

बाहेरच्या प्रांतातल्या माहितीत जे सापडत नाही, ते इथलं खास कारण म्हणजे कूलर. एप्रिलपासून खिडकीत बसलेला कूलर रात्रंदिवस घरात ओली हवा ढकलतो. मे महिन्यात बाहेरची हवा इतकी कोरडी असते की ती ओल पचून जाते. जूनच्या मध्यावर मोसमी वारे आले की गणित उलटतं. हवा आधीच दमट, कूलर त्यात भर घालतो, पंधरा दिवस उकाडा म्हणून तो बंद होत नाही, आणि गाद्या, कपाटं, पुस्तकं याच पंधरवड्यात वास धरतात. पोळ्याला सापडलेल्या वासाची सुरुवात कितीदा तरी जूनमध्ये झालेली असते.

तेव्हा पहिला दमदार पाऊस झाला की टाकी रिकामी करून पुसून कोरडी करायची. नाहीतर डासही होतात. गवताच्या ताट्या काढून टाकायच्या, पुढच्या वर्षासाठी जपायच्या नाहीत. खिडकीखालची भिंत टाकीच्या गळतीने भिजली आहे का ते हात लावून बघायचं. कूलरच्या ओट्याचा उतार भिंतीकडे असेल तर वासाचा उगम मिळाला.

सापडल्यावर

जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घरातली ओल आणि बुरशी यावर मार्गदर्शक पुस्तिका काढली. अशा घरांत राहणाऱ्यांना खोकला, श्वसनाचे त्रास आणि दमा यांचा धोका वाढतो, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. घरात दम्याचं लेकरू किंवा म्हातारं माणूस असेल तर शोध चालू असतानाच त्यांची झोपायची खोली बदलावी. ओल्या भिंतीत विजेचा बोर्ड असेल तर त्या भागाचा पुरवठा आधी बंद, मग बाकी सगळं. अशा भिंतीला झिणझिण्या येतात म्हणून हसण्यावारी नेऊ नये, त्या करंटच्या असतात.

बुरशी कोरड्या झाडूने झाडली तर तिचे कण घरभर उडतात. तोंडा-नाकाला मास्क, हातात मोजे, खिडकी उघडी, आणि साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसणं पुरेसं. ब्लीच आणि संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र करू नये, विषारी क्लोरीन वायू निघतो. कापसाची गादी आतून बुरशीली असेल तर ती टाकून द्यावी. पिंजून घेतली तर तोच वास नव्या खोळीत येतो. यापुढे काही भिजलं तर दीड-दोन दिवसांत वाळलंच पाहिजे, कारण बुरशीला धरायला तेवढाच वेळ लागतो.

दिवाळीला ती एक भिंत तशीच सोडावी, हे घरातल्या मोठ्यांना पटवणं कदाचित सगळ्यात अवघड. सुटलेले पोपडे काढावेत, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे घ्यावं, दुपारी खिडक्या उघड्या ठेवाव्यात. छताची, सांध्याची, नालीची दुरुस्ती पाऊस पूर्ण गेल्यावर, थंडीत करून घ्यावी. मग शिवरात्रीच्या सुमारास प्लास्टिकचा तोच तुकडा भिंतीवर परत लावायचा. दोन दिवसांनी आतली बाजू कोरडी निघाली, तर रंगवाल्याला फोन करायला हरकत नाही.